मुंग्या नव्हेत त्या

"हायत का रं?" बारामतीच्या दवाखान्यात ताईनं मला शेवटचं विचारलं ते एवढंच. मी म्हणालो, "हायत की. कालच बघितल्या." ती हसली, डोळे मिटले... पाचव्या दिवशी ताई गेल्याचा दाजींचा फोन आला. महिना उलटून गेला, तरी माझं ते "हायत की" काही कानातून जात नाही. बागेला पाणी देताना, इंदापूरला माल घेऊन जाताना, अगदी जेवताना घास हातात असताना ते ऐकू येतं, आणि तेही माझ्याच आवाजात.

ताई वालचंदनगरला शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त झाल्यापासून दर आठवड्याला पिंपळीला यायची. म्हणायला माहेरपण, पण माझ्या बायकोनं केलेला चहा गार व्हायचा आणि ही आपली पेरूच्या झाडाखाली उकिडवी बसलेली. दोन वर्षांपूर्वी बांधाकडच्या एका खोडावर तिला त्या सापडल्या. तिळाएवढ्या, तांबूस, बिनपंखाच्या. मी म्हणालो, "मुंग्या हायत." झालं, शाळा भरली! भिंग हातात देऊन तिनं मला मातीत गुडघ्यावर बसवलं. "मुंगीची मिशी कोपरात वाकलेली असती. हिला कुठं कोपर हाय, दाव बरं. आन् मुंगीच्या कमरंला गाठ असती, हिला न्हाय. ही गांधीलमाशीच्या जातीतली, सुभाष. पंख नसलं म्हणून काय झालं?" मुंग्या एकामागून एक चालतात, ही एकटीच मिशा थरथरवत खोडाच्या भेगा धुंडाळायची. कोळ्याच्या अंड्यांची पुरचुंडी सापडली की तिच्यात स्वतःची अंडी घालायची. हे सांगताना साठी उलटलेली माझी बहीण दहावीतली पोर होऊन जायची. "एवढं ध्यान दाजींकडं दिलं असतंस तर!" असं मी चिडवायचो. त्या खोडाला औषध लावायचं नाही, अशी तिची तंबी होती आणि मी ती पाळतही होतो.

पेरूवर पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी पांढरी कीड, पडला की त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या वर चढतात, म्हणून आम्ही खोडांना मुंग्यांची पावडर मारतो. ताई दवाखान्यात होती त्याच आठवड्यात ढेकूण वाढला. माल बघायला व्यापारी येणार होता, मी सकाळपासून एकेक खोड उरकत सुटलो. बांधाकडच्या खोडावर बारीक, तांबूस काहीतरी फिरत होतं. मुंग्याच, असं मनाशी म्हणालो आणि हात चालवला. ते ताईचं खोड होतं हे पुढच्या झाडाशी गेल्यावर ध्यानात आलं. मागं धावलो, पाइप लावून खोड धुतलं... पण त्यानं काय होणार? फरक मला पाठ होता. मी फक्त वाकून बघितलं नाही. त्याची लाज वाटते, आणि ताईला ते सांगितलं नाही याची त्याहून जास्त.

पंधरा दिवसांपूर्वी दाजी आले. "तिनं सांगून ठिवलंय, अधनंमधनं बघून येत जावा म्हणून," म्हणाले. खरं सांगायचा धीर मला तेव्हाही झाला नाही. त्यांना बांधाकडं नेलं. खोडावर चार-पाच तांबड्या मुंग्या चढत होत्या. "ह्याच," मी म्हणालो. दाजी जन्मभर कारखान्यात लेथवर काम केलेले, किड्यामुंग्यांशी त्यांचा काय संबंध, असा माझा हिशेब. ते हळूच गुडघ्यावर बसले, ताईचं भिंग डोळ्याला लावलं. एकीच्या मागोमाग भिंग वर सरकवत नेलं. मग मान वर न करताच म्हणाले, "सुभाष, हिच्या मिशीला कोपर हाय की रं."

मी सगळं सांगून टाकलं. पावडर, व्यापारी, दवाखाना, सगळं.

"आन् तिला हायत म्हणून सांगितलंस?"

"व्हय."

दाजींनी माझ्याकडं बघितलं नाही. भिंग पुढच्या भेगेवर नेलं. "मग बस खाली," म्हणाले. "हुडक."

तेव्हापासून दाजी दिवसाआड येतात. आम्ही दोघं बागेतलं एकेक खोड घेऊन बसतो. आजवर बघितल्या त्या सगळ्यांच्या कमरेला गाठ होती.