तळ्यातल्या बाईचा खरा आवाज

डोकमर्डी गावातल्या आमच्या भाड्याच्या खोलीत माझी सात वर्षांची मुलगी एक जपानी कार्टूनपट नेहमी हिंदीत पाहायची. त्यात तळ्यात राहणारी बाई मुलांना लाडानं हाक मारायची. एकदा रिमोटचं भलतंच बटण दाबलं गेलं आणि बाई जपानीत बोलू लागली. शब्द कळले नाहीत, पण आवाज थंडगार होता, दबा धरून बसल्यासारखा. मुलगी पुटपुटली, "म्हणजे ही खरी अशी आहे."

दुसऱ्या दिवशी मी मसाटच्या कंपनीतून परतले. नवरा रात्रपाळी करून झोपला होता.

"दार उघड गं बाळा," मी लाडानं म्हणाले.

आतून आवाज आला, "आई, खऱ्या आवाजात बोल."

मी पुन्हा गोड बोलले. कडी हलली नाही. शेवटी मी संतापून ओरडले.

दार लगेच उघडलं. ती शांतपणे म्हणाली, "हां, आता तूच आहेस."