शहाळ्याला नाही म्हणता येत नाही

"आक्का, पाय हलत नाहीत गो."

माझा धाकटा भाऊ दत्तू खाटेवरून उठायला गेला आणि उठलाच नाही. चेहरा राखेसारखा. मी औषधं आणायला खाली गेले होते, तेवढ्या वेळात हे झालं. खाटेखाली दोन कापलेली शहाळी, शेजारी आवळ्याच्या रसाची बाटली, आणि त्याची बायको शांता भिंतीला टेकून उभी. हातात फुलपात्र तसंच. डॉक्टरांनी बजावलं होतं, मूत्रपिंडं गेलेल्या माणसाला शहाळं म्हणजे विष. आधी हातपाय जातात, मग हृदय थांबतं. रक्त धुण्याच्या मशीनची पाळी दुसऱ्या दिवशी होती. मी ओरडले, शेजारच्यांनी दत्तूला उचललं, टॅक्सीत घातलं...

दत्तू मिरकरवाडा बंदरात मासेमारीच्या ट्रॉलरवर इंजिन बघायचा. आजार निघाला तेव्हा रत्नागिरीत रक्त धुण्याचं मशीन नव्हतं, म्हणून आम्ही तिघं मुंबईला चुलतभावाच्या खोलीत राहिलो. पाण्याचा कप मी मोजून द्यायची. तहानेने तो जिभेवर बर्फाचा खडा धरून बसायचा आणि म्हणायचा, "मिरकरवाड्याला बर्फाच्या लाद्या पायाखाली तुडवल्या. आता चण्याएवढ्या खड्यासाठी आक्काच्या पाया पडतोय." मी म्हणायची, "पड मेल्या, आणि गप्प रहा."

पुढे त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. जरा कुठे आपटलं की काळंनिळं. डॉक्टर म्हणाले, मशीन घाण धुतं तसं चांगलंही धुऊन नेतं, त्यात सी व्हिटॅमिन जातं, आणि ते नसलं की शरीर आतून गंजल्यासारखं होतं. रोज एक गोळी घ्यायची. दोन नाहीत, कारण जास्तीचं अंगात खड्यासारखं साठतं. मी चौथी शिकलेली बाई, मला कळलं तेवढं लिहिते. दत्तूला मात्र लगेच पटलं. "खाऱ्या पाण्यातलं इंजिन ते. वंगण कमी पडलं तर गंजणार, जास्त झालं तर धूर सोडणार."

शांतेने गावाकडे निरोप धाडला, की यांना सी व्हिटॅमिन कमी पडतंय. झालं. आमच्या वाडीतून मुंबईला येणारा प्रत्येक माणूस पिशवी घेऊन येऊ लागला. आवळे, मोरावळा, कोकमं, आणि वर शहाळी. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने कोण जातो? "गोळीत काय असतं? आपल्या झाडावरचं घाल त्याला." मी पिशव्या दारातूनच परत करायची. लोक म्हणाले, आक्का भावाला सुकवून मारते. म्हणोत.

त्या दुपारी मी नव्हते. शांतेच्या माहेरची दोन माणसं शहाळी घेऊन आली, आणि शांतेला नाही म्हणता आलं नाही. तिने कापली, तिनेच पाजली. वर रसही दिला. हॉस्पिटलच्या बाकावर तिने मला हे सगळं सांगितलं. "वन्सं, मी मारलं हो त्यांना. मी आता घरी येत नाही." मी म्हटलं, "तो मेलेला नाही. रडायचं असेल तर नंतर रड."

मशीनवरून उतरवल्यावर दत्तूचं पहिलं बोलणं ऐका. "आक्का, शहाळं मी मागितलं. तिला ओरडू नको." तो खोटं बोलत होता. मला ते कळलंय, हे त्यालाही कळत होतं. पुढे वाडीतून येणाऱ्या प्रत्येकाला तो हसत तेच सांगायचा, "मीच हावरट."

त्यानंतर तो बरेच महिने जगला. गेल्या महिन्यात गेला तो हृदय थकून. मी डॉक्टरांना तोंडावर विचारलं, त्या शहाळ्यांचा काही संबंध? ते म्हणाले, काडीचा नाही. तरी गावी बाराव्याला पडवीत कुजबुज झालीच, की बायकोनेच पाजलं. दत्तू असता तर हसून तोंडं बंद केली असती. मला हसता येत नाही. तेव्हापासून मी एका जागी बसत नाही, धुतलेली भांडी पुन्हा धुते, अंगण दोनदा झाडते... शेवटी हे लिहायला बसले.

शांता जेमतेम दोन घास खाते. दत्तूच्या गोळ्यांची बाटली खिडकीच्या फळीवर आहे, अर्धी भरलेली. रोज सकाळी ती बाटली पुसते आणि परत तिथेच ठेवते. काल भेटायला आलेल्या एका बाईने शहाळं आणलं. शांतेने ते कोपऱ्यात सरकवलं आणि तोंड फिरवलं. मी कोयता घेतला, शहाळं फोडलं आणि तिच्यापुढे धरलं.

"पी. तुझी मूत्रपिंडं शाबूत आहेत."

"वन्सं, नको हो..."

"पी म्हटलं ना."

ती प्यायली. रडत प्यायली, पण सगळं प्यायली. उरलेली मलई मी खाल्ली.

त्या दुपारी टॅक्सीत आम्ही तिघं होतो. आता शांता आहे आणि मी आहे.