टोपलीचं शिसं

आमच्या पाचूबंदरच्या पोरांना डॉक्टरांच्या सुईपेक्षा त्यांच्या टोपलीची धास्ती जास्त. वसईच्या बाजारात त्यांचा दवाखाना. तिथे आढ्याला तराजू टांगलेला, एका बाजूला वजनं, दुसऱ्या बाजूला मासळीची टोपली. आजारी पोर आलं की आधी टोपलीत! पोर बोंबलायचं, आई डोळे पुसायची, आणि हा ढेरपोट्या माणूस चष्मा कपाळावर चढवून शांतपणे वजनं टाकत बसायचा. टोपली डॉक्टर हेच त्यांचं नाव पडलं.

"अगो, पोरांना औषध वयाला नाही, वजनाला द्यायचं," ते म्हणायचे. "सरंगा मापून विकतेस ना? हा तर घरचा मासा!" मग आकडेमोड, तीही दोनदा. मग बाटलीवर कागदाची पट्टी, तिला कातरीने खाचा. एक खाच म्हणजे एक डोस. खाच जरा तिरपी गेली की पट्टी फाडून नवी. तोवर ताप आपणच कंटाळून उतरेल, असं आम्ही म्हणायचो.

माझ्या सासूचा त्या टोपलीशी उभा दावा. "मापलेलं पोर वाढत नाय. दृष्ट लागते." पण माझ्या रखमाला हिवताप चढला तेव्हा तीच पोरीला झबलं घालून तयार करून बसली. मला नवलच वाटलं. वजन झालं, कोयनेलच्या कडू औषधाची बाटली घेऊन आम्ही घरी आलो.

मी चमच्यात औषध ओततेय, तोच दारात डॉक्टर! एका पायात वहाण, धोतराचा सोगा हातात, मागे अख्खी आळी.

"देऊ नकोस! आत्ता वही पाहिली. गेल्या महिन्यात तू हिला सासूच्या चोरून आणलीस, तेव्हा वजन कमी होतं. तापाने पोर वाळतं गो, वाढत नाही! काय घातलंय हिच्या अंगात?"

सासूने मान खाली घातली. झबल्याच्या घेरात तिने जाळ्याची शिशं शिवली होती. दर्यात बुडालेलं शिसं दृष्ट खातं म्हणे! त्या शिशांच्या हिशेबाने कोयनेल पोटात गेलं असतं, तर पोर हातची जाती. सासूला फाडून खावं, इतका राग आला.

डॉक्टरांनी मात्र शिशं काढून रखमाला शेजारणीच्या तराजूवर पुन्हा तोललं, पट्टी नवी कातरली आणि म्हणाले, "मावशी, यातलं एक मला द्या. पोरांची दृष्ट आजपासून माझ्या टोपलीला लागू दे."

तेव्हापासून शिसं टोपलीला बांधलेलं. दर वजनातून ते तेवढं वजा करायचे. बायाही आता खुशाल पोरं तोलू द्यायच्या, आणि सासू गावभर मिरवायची, "माज्या शिशावर चालतो त्यांचा दवाखाना!"

रखमा शाळेत जायला लागली, तेव्हा डॉक्टर अंथरुणाला खिळले. आम्ही भेटायला गेलो, तर तो ढेरपोट्या माणूस गादीत सापडेना. सासू बाहेर दवाखान्यात गेली, टोपलीचं शिसं सोडून आणलं आणि त्यांच्या मनगटाला बांधलं.

डॉक्टर हसले. "मावशी, माझं वजन कराल तेव्हा हे वजा करा हो."

"नाय करनार," सासू रडत म्हणाली. "तेवढं तरी ऱ्हाऊ दे तुमच्या अंगावर."