चौथी गोष्ट

मेरिन हॉस्किंगला गोष्टी रचता येतात म्हणून शाळेत ती कितीदा तरी वर्गाबाहेर उभी राहिली होती. विद्यापीठानं त्याच गुणासाठी तिला निवडलं.

टास्मानियाच्या किनाऱ्यावरच्या त्या लहानशा विद्यापीठात मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत दर वर्षी चार विद्यार्थ्यांना संशोधनाची संधी मिळे. अर्ज साठेक यायचे. मेरिनचा बाप मासळीच्या कारखान्यात, आई शाळेच्या कॅन्टीनमध्ये. निवडीची बातमी ऐकून बाप म्हणाला, "तिथं लोकांची डोकी उघडून बघतात का गं?"

"नाही हो बाबा, नुसत्या गप्पा मारतो."

प्रयोग आठवणींचा होता. पहिल्या वर्षाची मुलं त्यात भाग घ्यायची ती हौसेनं नव्हे, तर दर बैठकीमागे विषयात एक गुण मिळायचा म्हणून. मुलाच्या घरून लहानपणच्या तीन खऱ्या गोष्टी मागवायच्या, त्यात चौथी खोटी घुसडायची आणि ती त्याला 'आठवते' का ते पाहायचं. तू पाच वर्षांचा असताना शनिवारच्या बाजारात हरवलास, एका माणसानं तुला शोधून आणलं, अशा छापाची. तिसऱ्या बैठकीत सगळं खरं सांगून मोकळं व्हायचं. मेरिनच्या चौथ्या गोष्टी इतक्या साळसूद असत की मुलं हटकून फसायची.

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या ग्लेनिसचा एकच दंडक होता. "गुण तिसऱ्या बैठकीनंतर, तिन्ही एकदम. आधी दिलेस तर पोरं तोंड दाखवायची नाहीत."

पहिल्या वर्षाच्या डेक्लन फेरलला तिनं बाजाराचीच गोष्ट दिली होती. दुसऱ्या बैठकीला तो आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "बाजारातला तो माणूस रॉयकाका होता," तो म्हणाला.

"अजून काही आठवतं?"

"त्यानं मला गाडीत बसवलं. हिरवी गाडी. काचा बंद होत्या. मी घरी जायचं म्हणत होतो आणि तो काही दार उघडेना."

मेरिनच्या गोष्टीत ना काका होता, ना गाडी. नियमाप्रमाणे तिसऱ्या बैठकीपर्यंत तोंड उघडायचं नव्हतं, म्हणून ती लिहीत राहिली. आणि लपवण्यात अर्थ नाही, तिला आनंद झाला. कुणाच्याच गोष्टीला आजवर एवढी पालवी फुटली नव्हती.

जाताना डेक्लन घुटमळला. "पुढच्या आठवड्यात सफरचंदांच्या पॅकिंगला जायचंय. तिन्ही गुण आत्ताच टाकशील का? मी येईन नंतर."

पहिल्या वर्षी एकेका गुणासाठी आपण कसे उंबरे झिजवले होते ते मेरिनला आठवलं. तिनं तिन्ही गुण टाकले. कुठं दया दाखवावी हे कळायला अक्कल लागते, आणि ती तेव्हा तिच्यापाशी नव्हती.

डेक्लन आला नाही. ईमेलला उत्तर नाही, फोन बंद. तीन आठवडे मेरिननं कुणाला सांगितलं नाही. मग एका दुपारी तिनं ग्लेनिसपुढं सगळं ओकून टाकलं. ग्लेनिस ओरडली नाही, याचीच मेरिनला जास्त भीती वाटली. "प्राध्यापकांना मी वाटेतून फोन करते," ती म्हणाली. "तू गाडीत बस."

दार डेक्लनच्या आईनं, लॉरेननं उघडलं. विद्यापीठाचं नाव ऐकून तिनं दोघींना स्वयंपाकघरात बसवलं. डेक्लन आधीच टेबलाशी होता.

"रॉय माझा दीर," लॉरेन म्हणाली. "रविवारी सगळे जेवायला बसलो होतो, तेव्हा हा बोलला. यांनी भावाला तिथल्या तिथं घराबाहेर काढलं. काल पोलीस रॉयकडे जाऊन आले."

मेरिननं सांगितलं. बाजार खोटा आहे, तो मी लिहिला, आणि हे आधीच सांगायला हवं होतं, चूक माझी आहे. सांगताना तिला रडू आलं.

"पण बाजाराचं हा काही बोललाच नाही," लॉरेन म्हणाली. "गाडीचंच बोलला."

"रॉयकडे हिरवी गाडी होती?" ग्लेनिसनं हळूच विचारलं.

"होती. डेक्लनला तिच्यातून कितीदा तरी फिरवलंय त्यानं."

डेक्लननं मान वर केली. "बाजार तू लिहिलास. गाडी लिहिली होतीस?"

"नाही."

"रॉयकाका?"

"नाही, डेक्लन. पण खोट्याला असे फाटे फुटतात. स्वतःलाही कळत नाही."

"सगळ्यांनाच फुटतात?"

लॉरेननं मेरिनचा हात घट्ट धरला. "म्हणजे काही झालं नव्हतं ना? एवढंच सांग, पोरी. रॉयनं काही केलं नाही ना?"

मेरिननं ग्लेनिसकडे पाहिलं. ग्लेनिस टेबलाकडे बघत होती. खोटी आठवण आणि खरी आठवण बाहेरून वेगळ्या ओळखता येत नाहीत, हेच तर त्या प्रयोगशाळेनं वर्षभर सिद्ध केलं होतं.

"बाजाराचं मी सांगू शकते," मेरिन म्हणाली. "गाडीचं मला माहीत नाही. आता ते कुणालाच सांगता येणार नाही."

लॉरेननं तिचा हात सोडला. ती उठून फोनपाशी गेली आणि तो उचलून नुसतीच उभी राहिली. दिराला करावा की पोलिसांना, ते तिला ठरवता येईना.