एका बॉलात नऊ होल

...तर नारळ भलत्याच वेळी फुटला, इथवर कालची गोष्ट आली होती. भलत्या वेळी म्हणजे कसा, तर गोल्फच्या नव्या मैदानाच्या उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी काठी फिरवली, बॉल जायचा तिकडे न जाता मंडपाकडे वळला आणि त्यांच्या तोंडून निघाले, "फोर!" गोल्फवाल्यांत याचा अर्थ डोकी सांभाळा. पण पहिल्या होलपाशी गाऱ्हाणे घालून, नारळ उंच धरून उभ्या असलेल्या धाकू गावकराला ऐकू आले "फोड". त्याने तो चिऱ्यावर असा आपटला की पाणी थेट पाहुण्यांच्या पांढऱ्या बुटांवर. लोकांना वाटले, कार्यक्रमच असा ठरलेला असणार. टाळ्या पडल्या. आणि टाळ्या पडल्या म्हणूनच की काय, पुढच्या आठवड्यात धाकूला तिथे गवत कापायच्या कामावर बोलावणे आले.

आता हे मैदान ज्या सड्यावर आहे तो तुम्ही पाहिलेला नाही, म्हणून सांगतो. पेडण्याकडचा सडा म्हणजे उघडा माळ, वर सगळा जांभा दगड, मध्ये काजूची रोपटी, करवंदीच्या जाळ्या आणि चिऱ्यांची एक जुनी खाण, जिच्यात पाणी भरून तळे झालेले. एवढ्यात नऊ होल बसवायचे म्हणजे शिळेवर मोगरा फुलवण्यातला प्रकार. पण बसवले. हिरवळीवरून बॉल जरा घसरला की जांभ्यावर आपटून कुठे उडेल ते सांगता यायचे नाही. मोठमोठे खेळणारे पिशवी भरून बॉल आणतात आणि रिकामी पिशवी घेऊन जातात.

आणि धाकू कोण? तर वस्तू हरवण्यात सगळ्या पंचक्रोशीत ज्याचा हात धरणारा नाही असा माणूस. म्हापशाच्या बसमध्ये छत्र्या विसरल्या, देवळाबाहेर चपला विसरल्या, एक पाडा रानात नेला आणि नुसते दावे घेऊन आला. एका शुक्रवारी तर म्हापशाचा बाजार करून घरी आला, पडवीत बसून चहा मागितला, आणि चहा कोणी आणीना तेव्हा त्याच्या लक्षात आले की पद्मावती बाजारातच राहिली. बायको शेवटच्या बसने आली. ती गोष्ट तिने आजवर सोडलेली नाही.

वर्षातून एका सोमवारी कामगारांनाच खेळायला सोडतात. यंदा आंब्याला मोहर आला होता त्या दिवसांत ती पाळी आली. आदल्या संध्याकाळी जेवताना धाकू म्हणाला, "औंदा एकाच बॉलान नवय होल खेळतलंय. आणि तो बॉल घराक हाडतलंय."

पद्मावती हसता हसता पानावरून उठली. "तुमी? बाजारातसून बायल हाडूक जमली नाय, बॉल हाडतलास?"

सून सेजल मात्र सासऱ्याच्या बाजूची. तिने नखाला लावायच्या रंगाने बॉलवर तांबडा ठिपका काढला. "ह्यो तुमचो. दुसऱ्याचो म्हणून कोण उचलूचो नाय."

धाकूने तो बोल्सात, म्हणजे खिशात, घातला आणि झोपताना दोनदा चाचपला.

सकाळी त्याचा जोडीदार होता विजय. बेळगावकडचा गडी, सड्यावर बांधकामाला आला आणि बांधकाम संपले तरी राहिला. गुण लिहायला मये गावचा निहार, देखरेखीवरचा तरुण, सगळ्यांशी गोड बोलणारा. पहिला होल धाकूने हळूहळू काढला. दुसऱ्यावर विजयचा बॉल करवंदीत गेला. त्याने दुसरा काढला, तोही गेला.

"मामा, तुमचा बरा हाय की अजून," विजय म्हणाला.

"तू त्याच्याकडे बघू नको. दिष्ट लागता."

धाकूची रीत साधी होती. लांब मारायचेच नाही. जिथवर नजर स्पष्ट पोचते तिथवर ढकलायचे, मग चालत जायचे. खाणीपाशी सगळे जण बॉल पाण्यावरून पलीकडे उडवतात, त्यातले निम्मे बुडतात. धाकू काठाकाठाने वळसा घालत गेला, म्हैस नेतात तसा. निहार गुण लिहिता लिहिता कंटाळून कठड्यावर बसला. पण बॉल कोरडा पलीकडे आला, तेव्हा तोही उठून हसला.

मग आठवा होल. तिथे कुंभ्याच्या झाडाखाली राखणदाराचा, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचा, चिरा आहे. कोर्स बांधताना त्या देवाला कोणी हात लावला नाही, भोवती दगडांची हद्द तेवढी आखली. धाकूने बॉल नेहमीसारखा जपूनच मारला होता. पण तो जांभ्याच्या उंचवट्याला लागला, टुणकन उडाला आणि हद्दीच्या आत, अगदी चिऱ्याच्या पायथ्याशी जाऊन थांबला. तांबडा ठिपका वर.

"धाकूबाब, नेमाप्रमाणे उचलता येतो," निहार म्हणाला. "एक फटका वाढेल, तेवढेच."

"तो तुमचो नेम. ह्याच्या हद्दीत पडला ता ह्याचा. ह्याका इचारूक होया."

"मग विचारा की. गाऱ्हाणं तर तुम्हीच घालताय गावाचं," विजय म्हणाला.

"गावाचा घालतंय. सोताचा सोता घालूचा नसता. तू घाल."

विजयने इकडे तिकडे पाहिले, टोपी काढली आणि हात जोडले. "बा राखणदारा महाराजा, हा आमचा धाकूमामा. माणूस चांगला हाय, जरा विसराळू हाय. त्याचा बॉल तुझ्या हद्दीत आलाय. मुद्दाम न्हाई आला. मामी घरात वाट बघत्यात, त्यांचं तोंड तुला ठावं असंल. द्यायचा असंल तर दे बाबा."

"व्हय महाराजा," धाकू म्हणाला. निहारही पुटपुटला.

जवळच पिटकोळीचे झुडूप होते. धाकूने दोन फुले ओली करून चिऱ्याला लावली. उजवे आधी पडले तर उचल, डावे पडले तर राहू दे. तिघेही वाट बघत उभे राहिले. फुले हलेनात. मोप्याच्या बाजूने विमान उठले, डोक्यावरून गडगडत गेले, आणि डावे फूल अलगद खाली आले.

"विमानानं पाडलं ओ मामा, ते धरायचं नसतंय."

"इमान पण त्याच्याच हद्दीतसून गेला," धाकू म्हणाला.

विजयने आवाज खाली आणला. "असं करू. दुसऱ्या बॉलवर तसाच ठिपका काढू. मामींना काय कळतंय?"

घरी काय ऐकावे लागेल ते धाकूला कानात ऐकू येतच होते. मग त्याने बोल्सातली विडी काढून चिऱ्यापुढे ठेवली, नमस्कार केला आणि निहारकडे हात पुढे केला. "दुसरो दी. नववो खेळूक होयो."

आठवा पुरा करून नववाही त्याने निहारच्या बॉलने खेळला, आणि झाला तसा तो निहारला परत दिला.

उन्हे चढायच्या आत घरी आला. पद्मावती दारात मिरच्या वाळत घालत होती. तिने वर न बघताच विचारले, "घालवलास मां बॉल?"

धाकू पायरीवर बसला, पाय पसरले आणि म्हणाला, "हरवूक नाय गे. जन्मात पयल्यांदाच माजी वस्तू खंय आसा ता माका बरोबर ठावक आसा. चल, दाखयतंय."