यादीतून खोडलेला लेफ्ट आउट

साठच्या दशकाच्या शेवटी आम्ही सहा जण संध्याकाळी रेल्वे लायनीपलीकडच्या मैदानावर फुटबॉल बघायला जायचो. सिमेंटच्या पायऱ्या होत्या. मधल्या रेषेसमोरची चौथी पायरी आमची. मोसमात बाहेरगावचे मोठे संघ यायचे, कलकत्त्याचे, हैदराबादचे, जालंधरचे. सामना संपला की वाद सुरू व्हायचा, आपण पाहिलेल्यांत सगळ्यांत मोठा खेळाडू कोण. हा वाद रोज नव्याने सुरू व्हायचा, कारण काल काय ठरलं ते कोणालाच आठवत नसे. मी पाटबंधारे खात्यात नोंदणीचं काम करायचो. मला ते सहन होईना. मी दोनशे पानांची वही आणली आणि यादी सुरू केली.

नियम मीच केले. खेळाडू स्वतः मैदानावर जाऊन पाहिलेला हवा. रेडिओवर ऐकलेला चालणार नाही. निदान अर्धा सामना तरी बघितलेला हवा. आणि सहापैकी आणखी एकाने त्याला पाहिलेलं हवं, नाहीतर कागदावर पुरावा हवा. हा शेवटचा नियम मी ऑफिसातून उचलला होता.

पहिल्या नंबरावर हैदराबादचा एक हाफबॅक होता. त्याला धावताना आम्ही कधी पाहिलं नाही. चेंडू जिथे पडायचा तिथे तो आधीच उभा असायचा, जणू त्याला कोणी पत्ता देऊन ठेवलाय. दुसरा पंजाबचा सेंटर हाफ. तो हेड करायचा त्याचा आवाज चौथ्या पायरीपर्यंत यायचा. तिसरा गोलकीपर, जो कॉर्नरवरून आलेला चेंडू एका हाताने काढायचा, नारळ उतरवावा तसा. चौथा मात्र आमचाच, नागपूरचा. सकाळी तो आमच्या धरमपेठेत टपाल वाटायचा. त्याच्याइतका सरळ शॉट मारणारा मी नंतर पाहिला नाही. मनिऑर्डर घेताना मी मुद्दाम सावकाश सही करायचो, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

सहा जणांत सगळ्यांत चांगली नजर माझ्या मोठ्या साळ्यांची. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. हुडकेश्वरला त्यांची शेती आणि चार म्हशी. पहाटे सायकलला दुधाचे कॅन अडकवून ते धरमपेठेत यायचे, घरोघरी दूध घालायचे. संध्याकाळी तीच सायकल घेऊन मैदानावर. कोणता खेळाडू दमलाय, कोणाचा गुडघा दुखतोय, हे त्यांना आमच्या आधी कळायचं. "म्हशीकडे पाहून पाहून समजते," असं ते म्हणायचे.

एका संध्याकाळी ते सहज म्हणाले, "जवाईबुवा, एक राहिला तुमच्या यादीत." आणि त्यांनी कलकत्त्याच्या एका लेफ्ट आउटचं, म्हणजे डाव्या बगलेवरून खेळणाऱ्या फॉरवर्डचं, नाव घेतलं. त्या वेळी ते नाव देशभर माहीत होतं. भारताकडून परदेशात खेळून आलेला माणूस.

"कुठे पाहिला दादा?"

"कामठीले. फायनल होती थे. धा-बारा वर्सं झाली असतील. डाव्या पायाले कपड्याची पट्टी बांधून होता. पेपरातल्या फोटोवरून वळखला मी."

बाकीच्यांपैकी कोणी तो सामना पाहिला नव्हता. मी ते नाव वहीत लिहून ठेवलं, पण आता कागद हवा. पुढच्या रविवारी मी वाचनालयात जाऊन जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे उपसले. दुपार गेली, पण सामना सापडला. दोन्ही संघांची अकरा-अकरा नावं छापलेली होती. कामठीच्या संघातल्या लेफ्ट आउटने दोन गोल मारले होते, पण त्याचं नाव वेगळंच होतं, कामठीतलंच कोणाचं तरी. कलकत्त्याच्या खेळाडूचा उल्लेख कुठेच नाही. मी कामठीच्या संघाची अकराही नावं उतरवून घेतली.

इथे माझी चूक झाली. ती नावं मी दादांना घरी दाखवू शकलो असतो. मी ती चौथ्या पायरीवर, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचली.

दादा म्हणाले, "पेपरवाला तिथं होता काय?"

"होता म्हणूनच छापलं ना, दादा."

आमच्यात एक लाकडाच्या वखारीचा मालक होता, तोंडाचा तिखट. तो म्हणाला, "दादा, दुधात पानी चालते. आठवणीत घालू नका."

सगळे हसले. मीही हसलो. आणि हसत हसतच लाल पेनने त्या नावावर रेघ मारून पुढे लिहिलं, "पुरावा नाही."

सामन्याला अजून वीस मिनिटं होती. दादांनी पायजम्याची धूळ झटकली, सायकल काढली आणि गेले. नंतर ते मैदानावर आलेच नाहीत.

दूध मात्र येत राहिलं. आधी ते दारात सायकल लावून आत यायचे, उंबऱ्याशी बसून चहा प्यायचे, माझ्या बायकोशी गावाकडच्या गोष्टी करायचे. आता फाटकाच्या कट्ट्यावर ठेवलेल्या पितळी गंजात दुधाचं माप ओतून, ती बाहेर यायच्या आत निघून जायचे. एकदोनदा ती मुद्दाम आधीच फाटकाशी उभी राहिली. त्यांनी माप घातलं, "बरी हायेस ना," विचारलं आणि पायडल मारलं.

त्या दिवाळीत भाऊबीजेला ते आले नाहीत. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. बायकोने पाट मांडला होता, चारोळी घालून बासुंदी केली होती. दुपारी दोनपर्यंत ती वाट बघत बसली. मग पाट उचलून भिंतीला लावला आणि म्हणाली, "माह्या भावाले तुम्ही चार लोकांत खोटं पाडलं. एका वहीसाठी. आता तुम्हीच पाहा."

मी दोनदा हुडकेश्वरला गेलो. दोन्ही वेळा दादा चांगले वागले, चहा दिला, पिकाचं बोलले. यादीचा विषय काढला की ते उठून म्हशीकडे जायचे. माफी मागायला मी तयार होतो, पण त्यांनी तो सामना पाहिला होता हे मला खरं वाटत नव्हतं, आणि माझा चेहरा बघून त्यांना ते कळत होतं. असं काहीतरी मनात ठेवून मागितलेली माफी त्या माणसाला नको होती.

फाल्गुनात ऑफिसच्या कामासाठी कामठीला जायचं होतं, कन्हान नदीकाठच्या मोजणीच्या नोंदी तपासायला. काम बाराला आटोपलं. माझ्या खिशात ती अकरा नावं होतीच. म्हटलं, दोन गोल मारणाऱ्या त्या लेफ्ट आउटलाच भेटू. चहाच्या दुकानात नाव सांगितलं तर सगळ्यांना माहीत. एक जण म्हणाला, "वो फाइनलवाले? सामने की गली में, बीड़ी बनाते हैं."

गल्लीत शिरलो. एका खोलीत चष्मा लावलेला, किडकिडीत माणूस सुपात पानं घेऊन विड्या वळत बसला होता. मी नमस्कार करून म्हटलं, तुमच्या दोन गोलांबद्दल वाचलंय. त्याने मला नीट पाहिलं. दाराबाहेर कोणी आहे का तेही पाहिलं.

"कलकत्ते से आए हो?"

"नहीं, धरमपेठ से."

"तो बैठो," तो म्हणाला आणि हसायला लागला. "साहब, मैंने जिंदगी में गेंद को पैर नहीं लगाया."

त्याने सांगितलेली हकीकत अशी. कलकत्त्याच्या त्या लेफ्ट आउटची मावशी कामठीत राहायची. तिच्या मुलीच्या लग्नाला तो आला होता आणि नेमकी त्याच आठवड्यात फायनल होती. त्याच्या क्लबची परवानगी नव्हती, दुसरीकडे खेळताना सापडला असता तर बंदी आली असती. म्हणून कामठीच्या क्लबने जुनी युक्ती केली. रजिस्टरमध्ये नाव आहे पण खेळत नाही, असा सभासद शोधला आणि त्याच्या नावावर पाहुण्याला उतरवलं. असे पाहुणे तेव्हा पुष्कळ खेळून जायचे. नाव ज्याचं, त्याने मात्र दिवसभर घराबाहेर पडायचं नाही.

"मुझे अंदर बंद किया, बाहर से ताला," तो म्हणाला. "मैं यहीं बैठा बीड़ी बना रहा था. दो बार शोर सुना. शाम को पता चला, दोनों गोल मैंने मारे."

मी विचारलं, "उसके पैर में पट्टी थी?"

आतून त्याची बायको म्हणाली, "मैंने ही बाँधी थी. यहीं से कपड़े बदलके गया था. मेरी पुरानी साड़ी की."

"कौन से पैर में?"

"बाएँ."

मी वही काढली, पेन पुढे केलं आणि म्हटलं, एवढं लिहून सही द्या. त्याने पेनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लिख के दूँ तो मेरे दो गोल गए, साहब. आज भी लोग सलाम करते हैं."

त्याचं बरोबर होतं. मी वही मिटली. पुरावा मिळाला होता आणि कागदावर काहीच नव्हतं. नोंदणीच्या कामात इतकी वर्षं घालवल्यावर पहिल्यांदाच मला त्याचं काही वाटलं नाही.

ऑफिसच्या जीपने सीताबर्डीपर्यंत आलो, तिथून सायकल घेऊन थेट हुडकेश्वर. दादा विहिरीवर म्हैस धूत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, कुलूप, विड्या, साडीची पट्टी. ते ब्रशने म्हशीची पाठ घासत राहिले.

"हाव," ते म्हणाले.

"दादा, माझं चुकलं."

"तुम्ही कायले चुकता. तुमचा पेपर चुकला."

"नाही. मी हसलो होतो."

यावर त्यांनी घासणं थांबवलं. बादलीभर पाणी म्हशीवर ओतलं. "थे झालं खरं," म्हणाले. मग बादली खाली ठेवून, "बरं, आता सोडा."

"उद्या चौथ्या पायरीवर मी हे सगळ्यांना सांगतो. त्या माणसाचं नाव न घेता. यादीत कोणत्या नंबरावर लिहू, सांगा. पहिल्या?"

"पहिल्या? काहून? खाली लिहा. त्या दिवशी तो काही खेळला नाही बाप्पा. दोन गोल मारले आन् बाकी टाइम उभाच होता. लग्नातलं जेवण पोटात होतं त्याच्या."

"मग पाच महिने तुम्ही एवढे रागावले कशाला?"

"मी कधी म्हनलं, मोठा हाय म्हणून? मी म्हनलं, पाह्यला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. सायकलची घंटी वाजली, मग फाटकाची कडी. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिथेच थांबली. दादा अंगणातून सरळ आत आले, हातात कॅन.

"चहा हाय काय वं?" त्यांनी विचारलं.

तिने चहा ठेवला नाही. भिंतीला लावलेला पाट आणला, धुतला, मधल्या खोलीत मांडला. निरांजनात तूप घातलं. दादा म्हणाले, "अवं, हे काय करून राहिली? दिवाळी जाऊन किती दिवस झाले. पुढं आठ घरं वाट पाहून राहिली."

"पाहू द्या. बसा तुम्ही."

ते कॅन बाजूला ठेवून पाटावर बसले. फाल्गुनातल्या उन्हात, घराघरांत होळीची तयारी चाललेली असताना, तिने त्यांना ओवाळलं आणि ओवाळता ओवाळता दहा मिनिटं न थांबता बोलत राहिली. बासुंदी कशी वाया गेली, फाटकाशी उभं राहून पाय कसे दुखले, आईला काय काय खोटं सांगावं लागलं. दादा मान खाली घालून सगळं ऐकून घेत होते. मी अर्ध्या दाढीवर साबण घेऊन दाराशी उभा राहिलो. तिला थांबवावं असं मला अजिबात वाटलं नाही.