जुन्या कौलांचं छत

माझी बायको रस्त्याने मान वर करून चालते. नवी इमारत दिसली की थबकते, डोळे अर्धवट मिटते. तिला त्या इमारतीचा धूर दिसतो म्हणे. कुणी राहायला येण्याआधीच विटांच्या, सिमेंटच्या भट्ट्यांतून निघालेला, आता कुठेतरी ढगांत मिसळून गेलेला. मी पडलो शिंपी. मला गॅलरीत वाळत घातलेले कपडे दिसतात, आणि त्यांच्या वाकड्या शिवणी.

ती इमारतींचे नकाशे करते, पण खरं काम खोडण्याचं. हा खांब बारीक करा, ती भिंत काढाच. ठेकेदार तिला पाठीमागे ‘वजाबाकी’ म्हणतात. मी तोंडावर म्हणतो.

आमची लेक शिकवते त्या शाळेची नवी इमारत बायकोकडे आली, तेव्हा खर्च हाताबाहेर चालला होता. समिती वाचनालयच रद्द करायला निघाली होती. बायको जुन्या शाळेच्या उतरवलेल्या कौलांच्या ढिगापाशी जाऊन बसली आणि तिथेच तिची तंद्री लागली. स्लॅबच्या खालच्या अंगाला ताण घेतात त्या सळ्या, तिथलं काँक्रीट बरंचसं नुसती भर. त्या जागी ही कौलं बसवली तर सिमेंट वाचेल, धूर वाचेल आणि वाचनालयही. छत डोक्यावर येईल म्हणून समिती घाबरली. बायकोने तसाच छताचा एक तुकडा ओतून घेतला, तो पक्का झाल्यावर त्यावर वाळूची पोती रचून दाखवली. मग समितीने होकार दिला.

नकाशा तयार झाला, आणि लेक तो घेऊन तरातरा दुकानात आली. बायको तिथेच बसली होती.

“आई, सगळ्या वर्गांना कौलांचं छत आणि माझ्याच वर्गाला भरीव? त्या जादा खर्चापायी वाचनालयाची कपाटं गेली.”

बायको नकाशावरची धूळ झटकत राहिली. धूळ नव्हतीच.

“तुझ्या डोक्यावर आहे ना गं ते,” ती शेवटी म्हणाली.

“आणि बाकीच्या वर्गांत कुणाची लेकरं बसणार?”

“मीसुद्धा तुझ्या कपड्यांना आतून जास्त कापड सोडतोच की,” मी सावरायला गेलो. दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने सुईत दोरा ओवायला लागलो.

स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी मी डबा घेऊन गेलो. कौलांनी काँक्रीटमधलं पाणी पिऊ नये म्हणून ती हौदात भिजत घातली होती. कितीतरी वर्षांची उन्हं खाल्लेली ती कौलं पाण्याखाली लालभडक दिसत होती. नकाशा बदलला होता; लेकीच्या वर्गावरच्या सळ्यांमध्ये बायको ती स्वतःच्या हाताने बसवत होती. मजुरांना तिने जवळ येऊ दिलं नाही. मला फार माया आली तिची.

आता वाचनालयात मुलं पाठीवर पडून छतातली कौलं बघत बसतात, पुस्तकं छातीवर उपडी. बायकोला विचारलं तर म्हणते, माझा गणितावर पूर्ण विश्वास आहे. पण लेकीच्या वर्गात शिरली की अजूनही ती आधी छताकडे बघते, मग लेकीकडे.